कर्ज ‘राइट ऑफ’ झालं म्हणजे सुटलं का? इंग्रजीतल्या शेपटीवाल्या क्रियापदांविषयी

अंबाजोगाईच्या बसस्थानकासमोर चहा पीत उभा होतो. ओळखीच्या एका काकांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. इंग्रजी बातमी होती. बँकांनी थकीत कर्जं ‘राइट ऑफ’ केली, असं मथळ्यात होतं. काकांचा नातू बारावीला आहे. त्यानं ती वाचून आजोबांना अर्थ सांगितला होता : माफ केली. काकांचं पीककर्ज दोन हंगामांपासून थकलेलं. त्यांनी हळूच विचारलं, “सर, म्हणजे आपलं बी सुटलं का?”

नाही सुटलं, हे सांगताना मला जड गेलं. नातवाची चूक फार मोठी नव्हती. ‘राइट’ म्हणजे लिहिणं त्याला माहीत होतं, ‘ऑफ’ म्हणजे बंद हेही माहीत होतं. लिहिणं बंद, म्हणजे हिशेब बंद, म्हणजे माफ. त्याचा तर्क सरळ होता, फक्त इंग्रजी भाषा त्या वाटेनं जात नाही. मी बरीच वर्षं संध्याकाळी मुलांना इंग्रजी शिकवतो, आणि त्यातली हुशार मुलंसुद्धा नेमकी इथंच अडखळतात. शब्द अवघड म्हणून नाही. दोन्ही शब्द पहिली-दुसरीतले असतात, आणि जोडले की तिसराच अर्थ निघतो.

आधी काकांचा प्रश्न

किराणा दुकानदाराची उधारीची वही डोळ्यासमोर आणा. एका गिऱ्हाइकाची उधारी चार वर्षं आलेली नाही. दुकानदार ठरवतो, हा पैसा येणार असं धरून आता आपण माल भरायचा नाही. तो ते नाव रोजच्या वहीतून काढून मागच्या जुन्या वहीत टाकतो. स्वतःचं नुकसान त्यानं मान्य केलं. पण ते गिऱ्हाईक उद्या दुकानासमोरून गेलं तर तो हाक मारणारच.

बँकेचं ‘राइट ऑफ’ असंच असतं. थकलेलं कर्ज बँक आपल्या ताळेबंदातून काढते आणि त्या तोट्याची तरतूद स्वतःच्या नफ्यातून करते. कर्जदाराची देणेदारी कायम राहते, वसुलीही चालू राहते. संसदेत सरकारनं हे वेळोवेळी स्पष्ट केलेलं आहे. कर्जमाफीचं तसं नाही. २००८ ची केंद्राची किंवा २०१७ आणि २०१९ च्या राज्याच्या योजना आठवा. तिथं पात्र शेतकऱ्याच्या डोक्यावरचा बोजा ठरलेल्या मर्यादेपर्यंत सरकारनं उचलला. त्यासाठी इंग्रजीत ‘वेव्ह’ हे साधं क्रियापद आहे. आपल्याकडं त्यालाही ‘वेव्ह ऑफ’ म्हणायची सवय पडली, त्यामुळं ‘राइट ऑफ’ आणि ‘वेव्ह ऑफ’ सख्खे भाऊ वाटू लागले. दोघांत फरक केवढा, ते थकबाकीदाराला विचारा.

आणि हेच ‘राइट ऑफ’ विम्याच्या कागदावर आलं तर अर्थ होतो, अपघातात गाडी इतकी मोडली की दुरुस्ती परवडणार नाही. क्रिकेटच्या बातमीत आलं, तर एखाद्या खेळाडूचे दिवस संपले असं धरून चालणं. तीन ठिकाणी तीन अर्थ, तरी तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : हिशेबातून काढून टाकणं.

याला म्हणतात तरी काय?

साधं क्रियापद आणि त्याच्यामागं अप, डाउन, इन, आउट, ऑफ, ऑन, ओव्हर असा एखादा छोटा शब्द; दोघं मिळून एक नवा अर्थ. याला ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. हे नाव छापून रूढ केलं लेखक लोगन पिअर्सल स्मिथ यांनी, १९२५ मध्ये. मागच्या छोट्या शब्दाला मी वर्गात शेपूट म्हणतो, इथंही तेच म्हणेन.

अडचण मात्र नावापेक्षा फार जुनी. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये आपला इंग्रजी शब्दकोश काढला, तेव्हा प्रस्तावनेत या जोड्यांविषयी मुद्दाम लिहिलं. परक्या माणसाला इंग्रजीत सगळ्यांत जास्त त्रास इथं होतो, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यांनी दिलेल्या उदाहरणांत ‘टेक ऑफ’ही आहे. तेव्हा मुलांनो, कमीपणा वाटून घेऊ नका. अडीचशे वर्षांपूर्वी खुद्द कोशकारानं तुमची अडचण मान्य केलेली आहे.

आपलं ‘लागणं’ परक्यानं कसं शिकावं?

आता उलट बाजूनं बघू. उद्या लंडनहून एखादी मुलगी परभणीला मराठी शिकायला आली, तर तिला ‘लागणे’चा अर्थ काय सांगाल?

बोअरला पाणी लागलं. पोराला नोकरी लागली. बारावीचा निकाल लागला. गाडी फलाटाला लागली. वाटेत मला गाडी लागली. बीडहून निघालं की मांजरसुंब्याचा घाट लागतो. दुपारी जरा डोळा लागला. ठेच लागली, तहान लागली, दार लागलं, वेळ लागला. आणि तो माझा मावसा लागतो.

तिनं यादी करायची म्हटलं तर वही भरेल. आपल्याला यातलं एकही पाठ करावं लागलेलं नाही. आपल्या मनात ‘लागणे’चं एक चित्र आहे : काहीतरी येऊन कशाला तरी भिडलं, चिकटलं. पाणी पहारीला किंवा मशीनला भिडलं, गाडी फलाटाला भिडली, नातं येऊन चिकटलं. चित्र एकच, जागा बदलली की अर्थ बदलतो.

मराठवाड्यात तर आणखी पुढची पायरी आहे. आपण “काय करू लागलास?” विचारतो तेव्हा ‘आत्ता काय चाललंय’ असं विचारत असतो. पुण्याचा माणूस त्याचा अर्थ ‘काय करायला सुरुवात केलीस’ असा घेतो. एकाच भाषेत, दोनशे-तीनशे किलोमीटरवर, शेपटाचा अर्थ हलतो.

सांगून टाक, सांगून ठेव, सांगून बसला

फ्रेझल व्हर्बला सगळ्यांत जवळचं आपल्याकडं काही असेल तर ही संयुक्त क्रियापदं.

‘सांगून टाक’ म्हटल्यावर कोणी काही फेकत नाही. मनावरचं ओझं उतरव, असा अर्थ. ‘सांगून ठेव’ म्हणजे आधीच कानावर घाल. ‘सांगून बसला’ म्हणजे सांगायला नको होतं ते सांगितलं आणि आता पस्तावतोय. उभ्या माणसाबद्दलही आपण तो ‘सांगून बसला’ असं म्हणतो. ‘सांगून बघ’ म्हणजे ऐकतो का ते तपास. टाकणं, ठेवणं, बसणं, बघणं या चारही क्रियापदांनी स्वतःचं काम सोडून दुसऱ्याचं शेपूट व्हायचं पत्करलंय.

आणि हे एकट्या मराठीचं नाही. आपल्या भागातली दखनी ऐका, ‘बोल डाल’ म्हणते. देगलूर-बिलोलीकडच्या तेलुगूत ‘चेप्पेय्’ आहे, त्यातल्या ‘वेय्’चा मूळ अर्थ टाकणं. उदगीरकडच्या कन्नडमध्ये ‘हेळिबिडु’, आणि ‘बिडु’ म्हणजे सोडणं. मराठवाड्यातल्या घराघरांत बोलल्या जाणाऱ्या या सगळ्या भाषांत ही खोड आहे. म्हणजे इंग्रजीची ही तऱ्हा आपल्याला परकी नाही. फरक एवढाच की आपलं शेपूट ही एक क्रिया असते आणि इंग्रजांचं शेपूट ही एक दिशा असते : वर, खाली, आत, बाहेर, दूर. त्यामुळं क्रियापदाचा अर्थ पाठ करण्यापेक्षा दिशेचं चित्र मनात बसवलं तर निम्मं काम होतं, असं माझं इतक्या वर्षांचं मत आहे.

‘ऑफ’ म्हणजे सुटणं

स्विचमुळं आपल्या डोक्यात ‘ऑफ’ म्हणजे बंद एवढंच बसलंय. त्याचं खरं चित्र वेगळं आहे : जे चिकटलेलं होतं ते वेगळं झालं. मराठीत त्याला ‘सुटणं’ जवळचं.

‘टेक ऑफ’ घ्या. चिकलठाण्याच्या धावपट्टीवरून विमान ‘टेक ऑफ’ करतं, ते जमिनीपासून सुटतं. देवळाबाहेर आपण चपला ‘टेक ऑफ’ करतो, त्या पायातून सुटतात. कामावरून दोन दिवस ‘टेक ऑफ’ केले, म्हणजे तेवढे दिवस कामाच्या रगाड्यातून सोडवून घेतले. दुकानदारानं किमतीतले पन्नास रुपये ‘टेक ऑफ’ केले, तेवढी किंमत सुटली. आणि एखाद्याचा धंदा एकाएकी ‘टेक ऑफ’ करतो तेव्हा विमानासारखाच तो जमीन सोडतो.

‘गो ऑफ’ मुलांना फार छळतं. दिवा ‘गो ऑफ’ होतो म्हणजे विझतो आणि गजर ‘गो ऑफ’ होतो म्हणजे वाजतो. हे उलटं कसं? सुटण्याचं चित्र धरा. गजराची आवळून ठेवलेली कमान सुटली, म्हणून तो वाजला. फटाकाही तसाच. आपणही गोफणीतून दगड सुटला म्हणतो आणि त्याच दमात शाळा सुटली म्हणतो. एकात जोर सुरू झाला, दुसऱ्यात काम थांबलं, आपल्याला कुठं गोंधळ होतो?

काकांनी “आपलं बी सुटलं का?” विचारलं तेव्हा नकळत अगदी बरोबर शब्द वापरला होता. कर्ज सुटलं होतं, पण बँकेच्या ताळेबंदातून.

‘अप’ नेहमी वर जात नाही

‘स्टँड अप’मधला ‘अप’ खरोखरच वर जातो. पण ‘ईट अप’, ‘यूज अप’, ‘ड्राय अप’ यांत वर काय आहे? इथं ‘अप’चा अर्थ पूर्ण, अखेरपर्यंत. भांडं काठोकाठ भरलं की पाणी वरपर्यंत येतं, तिथून हा ‘पूर्ण’चा अर्थ आला असं समजायला हरकत नाही. विहीर आटली आणि विहीर आटून गेली यांत जो फरक, तोच ‘ड्राय’ आणि ‘ड्राय अप’मध्ये.

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा बातमीसाठी इंग्रजीत दोन जोड्या ठरलेल्या आहेत. धरण ‘ड्राय अप’ होतं आणि शहर पाण्यातून ‘रन आउट’ होतं. रनआउट आपल्या गल्लीतल्या पोरालाही माहीत आहे, पण धावबाद म्हणून. इथं ‘आउट’ म्हणजे साठा बाहेर जाऊन संपणं. गॅस संपतो, वेळ संपते, पासपोर्टची मुदत संपते, सगळीकडं ‘रन आउट’.

आणि पाऊस येतो तेव्हा? हवामानाच्या इंग्रजी बातमीत मान्सून केरळात ‘सेट इन’ होतो. ‘सेट’ म्हणजे बसणं, ‘इन’ म्हणजे आत. पाऊस आत येऊन बसला, आता सहज उठायचा नाही. ‘सेट इन’ अशाच गोष्टींना लावतात, ज्या येऊन मुक्काम करतात : थंडी, सडणं, निराशा. मला ही जोडी फार आवडते. मृगाकडं डोळे लावून बसलेल्या माणसाला एका सरीचा आणि बसलेल्या पावसाचा फरक समजावून सांगावा लागत नाही.

जे शब्द आपण आधीच घेतलेत

गंमत म्हणजे यातल्या कितीतरी जोड्या आपल्या तोंडी आहेत. मोंढ्यात भाजीचा पिकअप उभा असतो. मेकॅनिक म्हणतो, गाडीला पिकअप राहिला नाही. पाहुण्याला स्थानकावरून पिकअप करायचं असतं. इंग्रजीत ‘पिक अप’चे याशिवाय आणखी अर्थ आहेत : फोन उचलणं, धंदा सावरणं, आणि कोणी न शिकवता ऐकून-ऐकून भाषा अवगत होणं. सगळ्यांच्या तळाशी उचलणं आहे. एसटी ब्रेकडाउन होते, तशी आई मुलाच्या आठवणीनं ‘ब्रेक डाउन’ होते, म्हणजे तिचा बांध फुटतो. खर्चाचा ‘ब्रेकडाउन’ म्हणजे बाबवार फोड.

‘पासआउट’ची मात्र काळजी घ्या. “मी २०२१ चा पासआउट” हे आपल्याकडं सगळ्यांना कळतं, त्यात मी चूक मानत नाही. पण परदेशातल्या माणसाच्या कानावर ‘पास आउट’ पडलं की त्याला पहिल्यांदा आठवतं ते शुद्ध हरपणं. नर्सिंगचं शिकून बाहेर जाणाऱ्या आपल्या मुलींना हे माहीत असलंच पाहिजे. रुग्ण ‘पास आउट’ झाला म्हणजे बेशुद्ध झाला, ‘कम टू’ म्हणजे शुद्धीवर आला, ‘थ्रो अप’ म्हणजे त्याला उलटी झाली. ‘पास अवे’ म्हणजे गेला. यात घोटाळा झाला तर तो परीक्षेतल्या दोन गुणांचा राहत नाही.

कोर्टाच्या कागदावरही तेच. खंडपीठाच्या आदेशात ‘सेट असाइड’ वाचून एका ओळखीच्या गृहस्थांना वाटलं, आपलं प्रकरण बाजूला ठेवलं. प्रत्यक्षात खालच्या कोर्टाचा निकाल रद्द झाला होता आणि खंडपीठाचा हा आदेश त्यांच्या बाजूनं होता! महिनाभर ते कुटुंब काळजीत होतं. ‘स्टँड ओव्हर’ म्हणून खाली तारीख असली, तर सुनावणी त्या तारखेपर्यंत पुढं गेली एवढाच अर्थ.

“मग सरळ एका शब्दाची क्रियापदं का वापरू नयेत?”

हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. ‘पुट ऑफ’ऐवजी ‘पोस्टपोन’, ‘पुट अप विथ’ऐवजी ‘टॉलरेट’, ‘पुट आउट’ऐवजी ‘एक्स्टिंग्विश’. बरोबर आहे, वापरा. अर्जात, निबंधात ती शोभतात.

पण इंग्रजीत अशी दुहेरी सोय का आहे, ते बघा. १०६६ मध्ये फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढं दरबार, कायदा, चर्च यांत फ्रेंच-लॅटिन शब्द आले. घर आणि शेत यांची भाषा जुन्या छोट्या शब्दांवर चालत राहिली. त्यातले ‘टेक’, ‘गेट’, ‘कॉल’ हे तर त्याआधी आलेल्या उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या भाषेतले. आपल्या भागाला हे कळायला अवघड नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कचेरीत सभा ‘तहकूब’ व्हायची आणि घरात सोयरीक ‘पुढं ढकलली’ जायची. अर्थ एकच, जागा वेगळी. आईला कोणी “माझं जेवण तहकूब कर” म्हणत नाही. तसंच मित्राला ‘पोस्टपोन’ म्हटलं तर कळेल, पण तो ‘पुट ऑफ’ म्हणेल तेव्हा तुम्हाला कळायला हवं. बोलताना निवड आपली असते, ऐकताना समोरच्याची.

“यादी पाठ केली तर?”

पाठांतराला मी नावं ठेवत नाही. आपल्या भागातली कितीतरी मुलं मेहनतीनं पाठ करूनच डॉक्टर-इंजिनिअर झाली. पण ‘पुट’च्या दहा जोड्या एकाखाली एक लिहून पाठ केल्या, की त्या एकमेकींत मिसळतात. मेंढरांच्या कळपात एकसारख्या दहा मेंढ्या नवख्याला ओळखू येत नाहीत, तसं. धनगराला येतात, कारण त्यानं त्या वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या रानात पाहिलेल्या असतात.

म्हणून शेपटाचं पान करा. एका पानावर ‘ऑफ’, एकावर ‘अप’, एकावर ‘आउट’. जोडी भेटली की तिच्या शेपटाच्या पानावर ती भेटली त्या पूर्ण वाक्यासकट लिहा, आणि वाक्य आपल्या घरातलं, शेतातलं असू द्या. सगळ्या जोड्या चित्रात बसत नाहीत, हेही सांगायला हवं. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणं, त्यात मला स्वतःला ‘वर’ दाखवता येत नाही. अशी पाच-पन्नास तशीच लक्षात ठेवावी लागतात.

“मोबाइल भाषांतर करतोच की”

पूर्ण वाक्य दिलं तर बऱ्याचदा नीट करतो. दोनच शब्द टाकले तर चुकायची शक्यता वाढते, कारण अर्थ आजूबाजूच्या शब्दांत असतो. पण मुलाखतीत, फोनवर, वर्गात मध्येच मोबाइल काढता येत नाही.

तिथं कान लागतो. बोलणारा अशा जोडीत बहुधा शेपटावर जोर देतो : टेक ‘ऑफ’, रन ‘आउट’. मागचा छोटा शब्द ठळक ऐकू आला की समजा, इथं दोन शब्द मिळून एक आहे. तीच जोडी नाम झाली की जोर पुढं सरकतो. विमानाचा ‘टेक’ऑफ, गाडीचा ‘ब्रेक’डाउन. आणि ‘इट’सारखं सर्वनाम आलं की ते बहुतेक वेळा मध्ये बसतं : ‘पुट इट ऑफ’, ‘पिक इट अप’. आपणही ‘सांगून एकदाचं टाक’ म्हणतोच.

पुढच्या आठवड्यात काकांचा नातू स्वतःहून वर्गाला आला. आल्या आल्या त्यानं वहीच्या नव्या पानावर मधोमध ‘ऑफ’ लिहिलं. पहिलं वाक्य बसचं, ती सकाळी सहाला ‘सेट ऑफ’ झाली. दुसरं आजोबांचं, त्यांनी टोपी ‘टेक ऑफ’ केली. तिसऱ्याला तो थांबला, पेन्सिल चावत बसला, आणि मग ‘राइट ऑफ’पुढं मराठीतच लिहिलं : बँकेच्या ताळेबंदातून सुटलं, आजोबांवर आहे.